माळ्यावरची बारा बोअर: वारसांनी जुनी बंदूक कायदेशीर मार्गाने कशी विकली

(प्रकरण खरं आहे. माणसं, गाव आणि नात्यांचे काही तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

देवगड आणि मालवण यांच्या मधलं खाडीकाठचं गाव, चिरेबंदी घर. घराचे मूळ मालक म्हणजे आजोबा १९८३ मध्ये वारले. त्यांचा मुलगाही आता हयात नाही. सून, दोन नातू आणि गोव्यात म्हापशाला दिलेली मुलगी असे चार वारस. थोरला नातू डोंबिवलीला नोकरीत, धाकटा गावात राहून कलमं आणि भातशेती बघतो.

पावसाआधी कौलं परतायला गडी लावले होते. माळ्यावर गणपतीच्या माटवीचं सामान, जुने पाट, मोडकी कणगी असा पसारा होता. तो हलवताना वाशाला टेकवून ठेवलेलं गोणपाटाचं लांबट गाठोडं निघालं. आत दुनळी बंदूक आणि शेजारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात काडतुसं. काडतुसांची नळकांडी कागदी होती. कोकणातल्या दमट हवेने ती फुगली होती आणि पितळी बुडाला हिरवट बुरा चढला होता.

बंदूक बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप), घोडे बाहेर असलेली. नळ्यांवर फणसाच्या फळीवरच्या शिरांसारखी नागमोडी नक्षी होती. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या या नळ्यांना दमास्कस नळ्या म्हणतात. नळ्यांच्या खालच्या अंगाला बर्मिंगहॅमच्या चाचणीचे शिक्के होते आणि बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर बॉल’ असं कोरलेलं होतं. तोंडाशी नळी किंचित आवळलेली असल्याने यातून एकसंध गोळी मारू नका, फक्त छर्रे वापरा, असा त्याचा अर्थ. हा शिक्का १८७५ ते १८८७ या काळातल्या बंदुकांवर मारत. म्हणजे बंदूक आजोबांपेक्षाही वयाने मोठी होती आणि त्यांच्याकडे ती कुणाकडून तरी आली असणार.

धाकट्याचा मला फोन आला. “वकिलांनू, आमच्या माळ्यार बंदूक गावली. आता काय करूचा?”

अडचण नेमकी कुठे होती

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. बाळगल्यास कलम २५ आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून साध्या विनापरवाना बंदुकीलाही किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आणि वर दंड अशी तरतूद झाली. ‘आमच्या आज्याची आहे’ हा त्यावर बचाव होत नाही.

मग चाळीस वर्षं बंदूक या घरात होती, त्याचा गुन्हा कोणावर? बहुतेक लोक या प्रश्नाने घाबरतात आणि इथेच चुकीची पावलं पडतात. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की शस्त्राचा ताबा सिद्ध व्हायला त्या ताब्याची जाणीव असावी लागते. माळ्यावर काय आहे हेच ठाऊक नसलेल्या घरच्यांना ही भूमिका उपयोगी पडते. मात्र ती गोणपाट सोडेपर्यंतच टिकते. बंदूक दिसली, ओळखली, तिथून पुढे तुम्ही जाणीवपूर्वक ती घरात ठेवलेली असते. म्हणून चाळीस वर्षांपेक्षा पुढचा एक दिवस जास्त महत्त्वाचा होता.

त्या दिवसात घरात बरंच काही घडून गेलं होतं. गड्यांनी बंदूक पाहिली होती. एका भाच्याने ती खांद्याला लावून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. वाडीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सल्ला दिला, “खाडयेत टाकून देवा नि गप ऱ्हवा. कोणाक कळतला?” रानडुकरांपासून शेती राखायचा परवाना असलेल्या दुसऱ्या एकाने रोख पैसे देऊ केले. आणि धाकट्याने कौतुकाने नळ्यांना खोबरेल लावून पॉलिश पेपर घासायला सुरुवात केली होती.

यातलं शेवटचं सगळ्यात निरुपद्रवी वाटतं, पण कलम ८ नुसार बंदुकीवरचा क्रमांक, कारखानदाराचं नाव किंवा ओळखीची खूण खोडणं हा गुन्हा आहे. खूण नसलेली बंदूक विकता येत नाही. शिवाय खूण पुसलेली आढळली तर ती ताबेदारानेच पुसली असं कायदा गृहीत धरतो आणि तसं नाही हे ताबेदाराने सिद्ध करायचं असतं. सुदैवाने त्याने वरच्या बाजूने घासायला घेतलं होतं. क्रमांक चापाच्या कड्यामागच्या पट्टीवर होता आणि तो शाबूत राहिला.

फोनवर मी चारच गोष्टी सांगितल्या. बंदूक उघडून बघू नका, आत काडतूस असू शकतं. घासणं थांबवा. होती तशी गोणपाटात गुंडाळून एका खोलीत ठेवा आणि खोलीला कुलूप लावा. आणि ती गाडीत घालून पोलीस ठाण्यात घेऊन जाऊ नका.

शेवटची सूचना लोकांना चमत्कारिक वाटते. जमा करायलाच निघालोय ना, मग काय बिघडलं? पण वाटेत नाकाबंदी लागली तर तुमच्या हातात विनापरवाना बंदूक आणि काडतुसं असतात, तुमचा हेतू कुठल्या कागदावर नसतो. बंदूक जागेवर ठेवून कागद आधी पाठवला की हेतूची नोंद बंदुकीच्या पुढे चालते.

समोरचे पर्याय

खाडीचा पर्याय मी चर्चेतूनच काढून टाकला. गडी, शेजारी आणि ग्रुपवरचा फोटो एवढे साक्षीदार असताना बंदूक नाहीशी करणं म्हणजे नसलेला गुन्हा तयार करणं. शिवाय आमच्या खाड्या ओहोटीला काय काय उघडं टाकतात हे कालवं काढणाऱ्या बायकांना विचारावं.

शेजाऱ्याला विकण्याचा मोह खरा होता, कारण माणूस परवानाधारक होता. पण त्याचा परवाना ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीचा होता. शेती संरक्षणासाठी कोकणात बहुतेक तेच परवाने असतात. त्यावर बारा बोअर चढत नाही. इथे एका नियमाचा घोळही होतो. परवानाधारकाला स्वतःची बंदूक दुसऱ्या पात्र माणसाला खाजगीत विकता येते. त्यासाठी खरेदीदाराच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं असतं. ही सवलत ज्याचा ताबा कायदेशीर आहे त्याला आहे. आमच्या चौघा वारसांचा नव्हता.

थोरल्याला बंदूक डोंबिवलीच्या घरात भिंतीवर हवी होती. “पुरातन वस्तू आहे, तिला कुठला परवाना?” असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. कलम ४५ मध्ये अशी सूट आहे खरी. कालबाह्य बनावटीचं, पुरातन मूल्याचं किंवा नादुरुस्त शस्त्र अधिनियमातून वगळलं आहे, पण ते दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसेल तरच. ‘दुरुस्त करून’ या शब्दांपाशी गाडी अडते. या बंदुकीचे घोडे चढत होते, नळ्या गंजलेल्या पण अखंड होत्या आणि आज दुकानात मिळणारं बारा बोअरचं काडतूस तिच्यात बसलं असतं. दमास्कस नळीला आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब झेपेल याचा भरवसा नाही, ती काळ्या दारूच्या जमान्यातली. पण चालवणं धोक्याचं असणं वेगळं आणि चालवता न येणं वेगळं. बंदूक कोणत्या बाजूला बसते हे भिंतीवर टांगणाऱ्याने ठरवायचं नसतं, तज्ज्ञाच्या अहवालाने ठरतं.

थोरल्याच्या एका मित्राने परदेशातल्या लिलावाचंही नाव काढलं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हटल्यावर पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ आडवा येतो. पुरावस्तूची निर्यात खाजगी माणसाला करता येत नाही. शस्त्र निर्यातीचा परवाना हा आणखी वेगळा विषय. तो पर्याय दोन मिनिटांत संपला.

उरले तीन. बंदूक सरकारजमा करून मोकळं व्हायचं. वारसापैकी एकाने स्वतःच्या नावावर परवाना मागायचा. किंवा ती रीतसर जमा करून, परवानगी घेऊन विकायची.

वारसाच्या परवान्याची तरतूद शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहे, पण परवाना हक्काने मिळत नाही. पोलीस अहवाल, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी हे सगळं लागतं. थोरल्याला अर्ज ठाणे पोलीस आयुक्तालयात करावा लागला असता, कारण परवाना राहत्या जागेच्या प्राधिकाऱ्याकडे मागायचा असतो. धाकट्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, ओरोसला गेला असता. पण त्याला हवी होती डुकरं हाकायला बंदूक, आणि दीडशे वर्षांच्या नळीतून बार काढणं म्हणजे स्वतःच्या हाताची बोटं पणाला लावणं. आत्याबाईंचं, म्हणजे म्हापशाच्या मुलीचं, म्हणणं निराळंच होतं. “बाबांची आठवण आहे, विकू नका.” त्यांच्यासाठी परवाना मात्र कोणी मागणार नव्हतं.

काय केलं

पहिला फोन गावच्या पोलीस पाटलांना केला. ते आले, कुलूपबंद खोली पाहून गेले. त्याच संध्याकाळी धाकट्याच्या सहीचा अर्ज पोलीस ठाण्यात दिला. घर दुरुस्त करताना अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक गड्यांसमक्ष मयत आजोबांच्या वस्तूंत बंदूक व काडतुसं आढळली, ती आम्ही वापरलेली नाहीत, कलम २१ प्रमाणे जमा करू इच्छितो, आपण येऊन ताब्यात घ्यावीत. दोन प्रती, एकीवर शिक्का, आवक क्रमांक आणि वेळ. वेळ लिहून घेतल्याशिवाय धाकट्याने उठू नये असं मी बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले, पंच आले. बंदुकीच्या उजव्या नळीत खरंच एक काडतूस निघालं.

पंचनामा लिहिताना या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय घ्यावा लागला. तिथल्या अंमलदारांनी आपुलकीनेच सुचवलं की बंदूक ‘बेवारस मिळून आली’ असं लिहू. तुमचं नाव कशात नको, आमचंही काम सोपं. घरातले सगळे तयार झाले. मी फोनवर थांबवलं. बेवारस लिहिलं की गुन्ह्याची भीती कमी होते हे खरं, पण तुमचा हक्कही तिथेच संपतो. उद्या ‘आमच्या आजोबांची’ म्हणून अर्ज करायला गेलात तर तुमच्याच सहीचा पंचनामा तुमच्या विरोधात उभा राहतो. कलम २१ मध्ये जमा करणाऱ्याला किंवा त्याच्या वारसाला दोन हक्क आहेत. तो पात्र ठरला तर वस्तू परत घेणं, किंवा पात्र माणसाला ती विकून पैसे घेणं. नियमांतल्या मुदतीत यातलं काहीच केलं नाही तर वस्तू सरकारजमा होते.

दुसरी बाजूही घरच्यांपुढे ठेवली. वारस म्हणून नाव लिहिलं आणि परवान्याचा एकही कागद पुढे सापडला नाही, तर चौकशी लांबणार. कलम ३ च्या गुन्ह्यात खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, ही मधली चाळणी आहे. पण चाळणी आहे म्हणून निर्धास्त राहा असं मी म्हणालो नाही. भाऊ आपसात बोलले. आईने निकाल दिला, “मामंजींची वस्तू बेवारस कशाला लिहायची? ते परवाना काढायला बैलगाडीने गेलेले मला ठाऊक आहेत.” पंचनाम्यात ‘मयत परवानाधारकाच्या वारसाने स्वखुशीने जमा केली, परवान्याचे कागद शोधून सादर करतो’ असा मजकूर गेला. क्रमांक, शिक्के, नळ्यांची लांबी, काडतुसांची संख्या, सगळं लिहून घेतलं. बंदूक आणि काडतुसं यांच्या पावत्या वेगळ्या घेतल्या.

मग कागदाचा शोध. ओरोसच्या नोंदवहीत आजोबांचं नाव नव्हतं. ते असणारही नव्हतं, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि आजोबांचं शेवटचं नूतनीकरण त्याआधीचं. आमच्याकडे जमिनीच्या, पतपेढीच्या, पेन्शनीच्या कितीतरी जुन्या भानगडींत ही तारीख अशीच मध्ये येते. सातबाराच्या जुन्या उताऱ्यांच्या कापडी पिशवीत आईला कोर्ट फी स्टॅम्प लावलेली नूतनीकरणाच्या अर्जाची नक्कल सापडली. वर ‘जिल्हा दंडाधिकारी, रत्नागिरी’, खाली परवाना क्रमांक आणि बंदुकीचा क्रमांक. तो पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळला. त्या आधारावर रत्नागिरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नोंदीची प्रमाणित नक्कल मिळवली.

या एका पानाने प्रकरणाचं स्वरूप बदललं. तोवर ती ‘घरात सापडलेली विनापरवाना बंदूक’ होती, आता ‘परवाना संपलेली, मयत धारकाची बंदूक’ झाली. पोलीस अहवालात गुन्हा दाखल करण्याचं कारण नाही असं आलं.

पुढे वारस दाखला, चौघांची प्रतिज्ञापत्रं आणि विक्रीच्या परवानगीसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. इथे काम रखडलं ते आत्याबाईंपाशी. बंदूक जंगम मालमत्ता, हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मुलीचा हिस्सा आहेच. घरात सगळे तिला गृहीत धरून चालले होते. धाकटा म्हापशाला जाऊन आला, नक्षीच्या नळ्यांचे आणि शिक्क्यांचे मोठे फोटो काढून चौकट करून देतो म्हणाला, तेव्हा त्यांनी सही केली.

परवानगी आल्यावर घाटावरच्या एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याने ठाण्यातून बंदूक स्वतःच्या परवान्यावर उचलली. वारसांनी तिला हात लावला नाही. विक्रेत्याकडचा पहिला गिऱ्हाईक ठरता ठरता फिसकटला: त्याच्याकडे आधीच दोन बंदुका होत्या आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच ठेवता येतात. वारशाने आलेली धरूनही दोनच. दुसरा एक जुन्या शस्त्रांचा शौकीन होता, परवान्यावर जागा होती, त्याने घेतली.

निष्पत्ती

पैसे किती आले? शेजाऱ्याने रोख देऊ केले होते त्यापेक्षा थोडे जास्त, ऑनलाइन फोटो बघून थोरल्याने मनात धरले होते त्यापेक्षा बरेच कमी. जुन्या विलायती बंदुकीला भाव असतो, पण तो तिच्या अवस्थेला. पॉलिश पेपरने वरच्या अंगाची नक्षी फिकी केली होती आणि विक्रेत्याने ती पहिल्याच नजरेत हेरून किमतीतून वजा केली. अर्ज, नकला, प्रतिज्ञापत्रं, पोलीस ठाणं, ओरोस, रत्नागिरीच्या फेऱ्या यांचा खर्च काढला तर निव्वळ रक्कम मोठी नाही. केवळ पैशासाठी कोणी विचारलं तर सरकारजमा करा हा सल्लाही मी देईन. या घराला मात्र विक्रीपेक्षा स्वच्छ नोंद हवी होती. धाकट्याला पुढे शेती संरक्षणाचा परवाना मागायचा होता, आणि घरातून ‘बेवारस’ बंदूक निघाल्याची नोंद त्या पोलीस अहवालात त्याच्या पाठीला चिकटली असती.

पुन्हा असं झालं तर

माझ्या मते सुरुवातीच्या काही तासांतलं काम सगळ्यात जास्त सुधारता येण्यासारखं होतं. फोटो ग्रुपवर टाकण्याऐवजी तो तारीख-वेळेसह फक्त जपून ठेवला असता तर तोच पुरावा म्हणून कामाला आला असता. खांद्याला बंदूक लावलेल्या भाच्यामुळे चौकशीत एक जादा जबाब द्यावा लागला, आणि बंदुकीत भरलेलं काडतूस होतं हे आठवलं की त्या फोटोकडे बघवत नाही.

कागदांचा शोध पंचनाम्याआधी एक रात्र जरी घेतला असता तर ‘बेवारस’ की ‘वारस’ हा निर्णय अंदाजावर घ्यावा लागला नसता. अर्ज त्याच संध्याकाळी द्यायचाच, पण रात्री पिशव्या, ट्रंका, देवघराची फडताळं उलथायला हरकत नव्हती. आईला परवान्याची गोष्ट पहिल्यापासून माहीत होती. तिला विचारलं मात्र शेवटी. मुलीची, म्हणजे आत्याबाईंची संमतीही पहिल्या आठवड्यात घ्यायला हवी होती.

एका मुद्द्यावर माझं मत अजून दोलायमान आहे. पोलीस ठाण्याऐवजी थेट परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची सोयही कलम २१ देतं. ठाण्यातल्या मालखान्यात दोन पावसाळे काढून बंदुकीचा दस्ता भेगाळला. विक्रेत्याकडे ती तेलपाणी होऊन राहिली असती. पण परवान्याचा कागद हातात नसताना कुठलाही विक्रेता अशी बंदूक घ्यायला कचरतो, आणि जवळचा विक्रेता घाट चढून असेल तर ती तिथवर न्यायची कोणी हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. कागद हाताशी असेल तर पुढच्या वेळी मी विक्रेत्यालाच आधी विचारीन.

काडतुसांचं प्रकरण वेगळं चाललं. ती कोणी विकत घेत नाही, घेऊही नये. पोलिसांनी ती नष्ट करण्यासाठी पाठवली. त्याची पोच मिळावी म्हणून केलेल्या अर्जाला अजून उत्तर यायचं आहे; धाकटा दर महिन्याला ठाण्यात विचारून येतो.